सौद्याचा जामीनदार कोण, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याने १० ग्रॅममागे लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून जळगावच्या सराफ बाजारात आणि तिथून धुळे, भुसावळ, शहाद्यापर्यंत दोन वाक्ये जोडीने ऐकू येतात. पहिले, "एक्स्चेंजने मार्जिन वाढवून लहान माणसाला बाहेर काढले." दुसरे, "त्यापेक्षा डब्बा बरा, तिथे मार्जिनच नाही." मार्जिन म्हणजे सौदा करताना भरावी लागणारी अनामत, आणि डब्बा म्हणजे एक्स्चेंजबाहेर, खासगी वहीत चालणारा बेकायदा सट्टा. आम्ही क्लिअरिंग आणि वलणाच्या, म्हणजे झालेल्या सौद्यांचा हिशेब मिटवण्याच्या, कामातले आहोत. पहिल्या वाक्यात थोडे तथ्य आहे. दुसरे माणसाला घर विकायला लावू शकते. दोन्हींची उकल एकाच ठिकाणी आहे: मार्जिन कोण घेतो, आणि त्या बदल्यात काय देतो?

खान्देशात हे समजायला सोपे आहे, कारण अडत्या सगळ्यांना माहीत आहे. बाजार समितीत शेतकरी माल आणतो, खरेदीदार बोली लावतो, पण शेतकरी पैसे अडत्याकडे मागतो. खरेदीदार कोण, त्याची पत काय, हे शेतकऱ्याला माहीत नसले तरी चालते, कारण मध्ये उभा असलेला माणूस ओळखीचा असतो. केळीचा व्यवहार बांधावर थेट झाला, व्यापारी ट्रक भरून गेला आणि फोन बंद झाला, या रावेर-चोपड्याकडच्या तक्रारींचे मूळ हेच, की मध्ये कोणी जामीन नव्हता.

शेअर, वायदे (पुढच्या तारखेचे, आज भाव ठरवून केलेले सौदे) आणि सरकारी रोख्यांच्या बाजारात या मधल्या जागी क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते. एनएसईसाठी एनएसई क्लिअरिंग, बीएसईसाठी इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशन, सोने-तेलाचे वायदे चालणाऱ्या एमसीएक्ससाठी एमसीएक्स क्लिअरिंग, शेतमालाचे वायदे चालणाऱ्या एनसीडीईएक्ससाठी नॅशनल कमोडिटी क्लिअरिंग आणि सरकारी रोखे व परकीय चलनासाठी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे सीसीआयएल. वर्तमानपत्रांत "एक्स्चेंजची हमी" असे छापून येते, ते बरोबर नाही. एक्स्चेंज सौदा जुळवते. हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन देते. ती वेगळी कंपनी असते, तिचा पैसा वेगळा असतो, आणि हा वेगळेपणा फार महत्त्वाचा आहे. का, ते पुढे येईल.

अडत्याच्या उदाहरणाची मर्यादाही सांगायला हवी. अडत्या मूळ सौदा तसाच ठेवून त्याला जामीन राहतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशन मूळ सौदा मोडून त्याचे दोन करते. जळगावच्या सराफाने सोन्याचा एक लॉट (सौद्याचे ठरलेले माप) विकला आणि कोइम्बतूरच्या कोणी तो घेतला, तर जुळणी होताच सराफाने क्लिअरिंग कॉर्पोरेशनला विकले आणि कोइम्बतूरवाल्याने क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडून घेतले, असे कायदेशीर चित्र तयार होते. कोइम्बतूरवाला उद्या बुडाला तरी सराफाचा सौदा जिवंत राहतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनला स्वतःला तेजी-मंदीशी देणेघेणे नसते, कारण प्रत्येक खरेदीसमोर तिच्याकडे तितकीच विक्री असते. हे वाक्य लक्षात ठेवावे. डब्ब्याचा सारा धोका त्याच्या उलट्या स्थितीत आहे.

दुसरे काम वजावटीचे. जळगावच्या पेढीला धुळ्याचे १० लाख द्यायचे आहेत, धुळ्याला चोपड्याचे ९ लाख, आणि चोपड्याला जळगावचे ८ लाख. सुटे हिशेब केले तर २७ लाख हलतील आणि एकाचे अडले की तिघांचे अडतील. तिघांचा हिशेब एका वहीत आणला, तर जळगावने २ लाख भरायचे, धुळ्याला १ आणि चोपड्याला १ मिळायचे, विषय संपला. रोजचे लाखो सौदे दुसऱ्या दिवशी मिटतात ते या एका वहीमुळे. शेअरचे वलण २००२ मध्ये तीन दिवसांवर, २००३ मध्ये दोन दिवसांवर आणि २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरसाठी एका दिवसावर आले. जितके दिवस कमी, तितका मधल्या काळात कोणी बुडण्याचा धोका कमी.

अमळनेरात विप्रोचे शेअर वर्षानुवर्षे सांभाळलेली घरे आहेत. अशा घरातल्या कोणी आज शंभर शेअर विकले तर शेअर आधी त्याच्याच डीमॅट खात्यात अडकवले जातात, दुसऱ्या दिवशी क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात आणि पैसे ब्रोकरमार्फत येतात. शेअर आधीच अडकवल्यामुळे त्या विक्रीवर वेगळी मार्जिन लागत नाही. विकणाऱ्याने शेअर दिलेच नाहीत, तर क्लिअरिंग कॉर्पोरेशन लिलावात ते विकत घेऊन खरेदीदाराला देते. लिलावातही मिळाले नाहीत, तर सौद्यापासून लिलावापर्यंतचा सर्वांत चढा भाव किंवा बंद भावापेक्षा २० टक्के जास्त भाव, यांतले जे जास्त असेल त्या दराने रोख भरपाई होते आणि ती चुकवणाऱ्याकडून वसूल होते. खात्यात शेअर नसताना विकून ठेवणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या सौद्यावर मांडून पाहावा.

आता मार्जिनकडे येऊ, कारण राग तिच्यावर आहे. जामीन राहणारी संस्था फुकट जामीन राहिली तर पहिल्याच मोठ्या हेलकाव्यात बुडेल. म्हणून सौदा उभा राहतानाच ती अनामत घेते. स्पॅन नावाच्या पद्धतीत भाव आणि त्याची चंचलता यांच्या १६ शक्यता तपासतात, त्यांतले सर्वांत मोठे नुकसान धरतात आणि शंभरातल्या ९९ प्रसंगांना पुरेल एवढी रक्कम ठरवतात. त्यावर जादा मार्जिन चढते. त्याशिवाय रोजच्या बंद भावाने नफा-तोटा काढून तो रोख हलवला जातो, त्याला बाजारात एम टू एम म्हणतात. आजचा तोटा उद्या बाजार उघडण्याआधी भरावा लागतो. तोटा साचू द्यायचा नाही, हे या सगळ्या यंत्रणेचे मूळ तत्त्व आहे.

ज्याच्याकडे दुकानात खरे सोने आहे आणि जो सट्टा न करता, भाव पडला तर संरक्षण मिळावे म्हणून वायदा विकतो, त्या सराफाचे इथेच जास्त हाल होतात. हिशेब सोपा राहावा म्हणून भाव १० ग्रॅमला १,००,००० आणि मार्जिन १० टक्के धरू. सराफाकडे एक किलो सोने आहे, त्याने एमसीएक्सवर एक किलोचा एक लॉट विकला. सौद्याची किंमत १ कोटी, मार्जिन १० लाख. १० ग्रॅममागे भाव १ रुपया हलला की लॉटवर १०० रुपये हलतात. भाव तीन दिवस रोज १,५०० ने वाढला तर ४,५०० गुणिले १००, म्हणजे साडेचार लाख रोख भरावे लागतात. तिजोरीतल्या सोन्याची किंमतही साडेचार लाखांनी वाढलेली असते, पण ते सोने आहे, रोकड नाही. चौथ्या दिवशी चंचलता वाढली म्हणून मार्जिन १२ टक्के झाली, तर १,०४,५०,००० वर १२ टक्के म्हणजे १२ लाख ५४ हजार, म्हणून आणखी २ लाख ५४ हजार. चार दिवसांत ७ लाख ४ हजार जादा. हे पैसे वेळेवर आले नाहीत की ब्रोकर सौदा कापतो. पाचव्या दिवशी भाव ३,००० ने पडला, तर दुकानातल्या सोन्यावर तीन लाखांचा तोटा होतो, आणि त्याची भरपाई करणारा वायदा आदल्या दिवशीच गेलेला असतो. सराफाचा अंदाज चुकलेला नव्हता, रोकड चुकली.

म्हणून जो संरक्षणासाठी वायदा विकतो त्याने जितकी मार्जिन, निदान तितकीच रोकड किंवा बँकेची मंजूर उचल बाजूला ठेवावी. एक किलोच्या एका लॉटऐवजी १०० ग्रॅमचे दहा मिनी लॉट घ्यावेत, म्हणजे अडचणीत दोन-तीन कापून बाकीचे टिकवता येतात. तारण म्हणून शेअर ठेवत असाल तर वायद्यात निम्मी मार्जिन रोख किंवा रोखीसारखी लागते, हे आधीच धरून चालावे. आणि करार संपत आला की डिलिव्हरीचा काळ सुरू होतो, मार्जिन पुन्हा चढते. "वेळ आली तर दुकानातले सोने देऊ" असे म्हणणारे आमच्याकडे बरेच आहेत. ते चालत नाही. मान्यताप्राप्त रिफायनरीची, क्रमांक आणि प्रमाणपत्र असलेली लगडच ठरलेल्या तिजोरीत जमा व्हावी लागते. दुकानात आटवलेली लगड कितीही शुद्ध असो, ती स्वीकारली जात नाही.

पहिल्या वाक्यातले तथ्य हेच. बाजार शांत असताना मार्जिन कमी आणि वादळात जास्त, ही पद्धत नेमकी रोकड आटलेली असताना रोकड मागते. जगभरातल्या नियामकांना हा दोष माहीत आहे. आमच्या मते शांत काळातच मार्जिनचा तळ उंच ठेवावा, आणि वाढ करायचीच तर ती टप्प्याटप्प्याने, पुरेशी आधी जाहीर करून करावी. पण मार्जिनच नको ही मागणी आम्हाला मान्य नाही.

ती का मान्य नाही, याला २०२० मधला कच्च्या तेलाचा प्रसंग पुरेसा आहे. २० एप्रिलला एमसीएक्सचा एप्रिल करार संपत होता. टाळेबंदीमुळे आपला बाजार संध्याकाळी ५ ला बंद झाला, तेव्हा पिंपाचा भाव हजार रुपयांच्या आत होता. रात्री न्यूयॉर्कमध्ये भाव शून्याखाली जाऊन उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. अंतिम हिशेब उणे २,८८४ रुपयांनी झाला. लॉट १०० पिंपांचा. खरेदी करून बसलेल्याने सौद्याची पूर्ण किंमत मार्जिन म्हणून भरलेली असती तरी ती पुरली नसती. ब्रोकर न्यायालयात गेले, पण विकणाऱ्यांना त्यांचे पैसे मिळायलाच हवे होते. अशा रात्री हमीदाराकडे साठा नसेल तर काय होईल, याचा विचार करावा.

तो साठा कसा वापरायचा याचा क्रम बाजार नियामक सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये घालून दिला. सदस्य, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे थेट वलण करणारा ब्रोकर किंवा बँक, चुकला की आधी त्याचेच पैसे जातात: त्याची मार्जिन, त्याच्या ठेवी, हमी निधीतला त्याचा वाटा. विमा असेल तर तो. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या स्वतःच्या भांडवलाचा एक भाग. त्यानंतर त्या विभागाचा हमी निधी. या निधीत किमान निम्मा वाटा क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा, किमान पाव एक्स्चेंजचा, आणि सदस्यांचा जास्तीत जास्त पाव. ही वाटणी आम्हाला योग्य वाटते, कारण धोक्याचे नियम जो ठरवतो त्याचा पैसा आधी जळायला हवा. तरीही कमी पडले तर इतर साधने, मग न चुकलेल्या सदस्यांकडून मर्यादित जादा वर्गणी. आणि अगदी शेवटी, ज्यांना पैसे मिळायचे आहेत त्यांच्या रकमेतच प्रमाणशीर कपात. ही शेवटची पायरी फार थोड्यांना ठाऊक असते. हमी मोठी आहे, पण अमर्याद नाही.

क्लिअरिंग संस्था बुडूच शकत नाहीत असेही नाही. साखरेच्या भावात १९७४ मध्ये पॅरिसची, पामतेलात १९८३ मध्ये क्वालालंपूरची, आणि १९८७ मध्ये शेअर निर्देशांकाच्या वायद्यात हाँगकाँगची हमी संस्था कोसळली किंवा बाहेरून वाचवावी लागली. बहुतेक ठिकाणी दुखणे सारखेच: थोड्या लोकांच्या हाती फार मोठे सौदे, आणि वेळेवर न मागितलेली मार्जिन. सप्टेंबर २०१८ मध्ये नॉर्वेतल्या एका वीज-व्यापाऱ्याच्या सौद्याने नॅस्डॅक क्लिअरिंगच्या इतर सदस्यांच्या निधीतून सुमारे १० कोटी ७० लाख युरो गेले. उलट २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा लंडनच्या एलसीएचने तिचे सुमारे ९ लाख कोटी डॉलर मूल्याचे व्याजदर सौदे तिच्याच मार्जिनच्या एका भागात मिटवले, दुसऱ्या कोणाला झळ लागली नाही.

आपल्याकडचा धडा अधिक जवळचा आहे. जुलै २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे व्यवहार थांबले तेव्हा सुमारे ५,६०० कोटींची देणी अडकली, आणि गोदामांत कागदावरचा माल नव्हता. तिथे सौदे जुळवणारी आणि वलण करणारी संस्था एकच होती. स्वतःची उलाढाल वाढवण्यात जिचा फायदा, तिनेच मार्जिन आणि गोदामे तपासायची, हे टिकणारे नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला, आणि २०१८ मध्ये कमोडिटी एक्स्चेंजच्या क्लिअरिंगचे काम वेगळ्या कंपन्यांकडे गेले. कापसाची गाठ असो, सरकी ढेप असो, वायद्याच्या डिलिव्हरीसाठी माल मान्यताप्राप्त गोदामातच, तपासणी होऊनच का घ्यावा लागतो, त्याचे उत्तर २०१३ मध्ये आहे. जिनिंगवाल्यांना ही तपासणी जाचक वाटते. ती सैल करण्याची मागणी त्यांनी करू नये, ही विनंती.

सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या संचालकांसाठीही दोन शब्द. २००२ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या काही जिल्हा बँकांनी सरकारी रोख्यांसाठी दलालाला पैसे दिले आणि रोखे आलेच नाहीत. रोखा आधी की पैसा आधी, या प्रश्नावर ठेवीदारांचे कोट्यवधी बुडाले. सीसीआयएलचे काम त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले. तिच्यामार्फत वलण झाले तर रोखा आणि पैसा एकाच वेळी हलतात, एकाशिवाय दुसरा सुटत नाही. रोख्यांचा कोणताही प्रस्ताव टेबलावर आला की संचालकांनी एवढेच विचारावे: वलण सीसीआयएलमधून आहे का, आणि रोखा कोणाच्या खात्यात दिसेल? उत्तर "आमच्याकडे सुरक्षित राहील" असे आले तर सही करू नये.

आता डब्बा. डब्बेवाला तुमचा सौदा एक्स्चेंजवर टाकत नाही, स्वतःच्या वहीत लिहितो. भाव खऱ्या बाजाराचा, पडदाही खऱ्यासारखा, पण समोरचा पक्ष तो स्वतः. तुमचा नफा हा थेट त्याचा तोटा. क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे प्रत्येक खरेदीसमोर विक्री असते. डब्बेवाल्याकडे, सोने सतत चढत असताना, सगळेच गिऱ्हाईक तेजीवाले असतात. म्हणजे भाव चढला की त्याला सगळ्यांना द्यायचे असते, घ्यायचे कोणाकडूनच नसते. मार्जिन घेतलेली नाही, निधी नाही. त्या दिवशी तो नंबर बंद करतो. भाव उलटला तर मात्र वसुलीला माणसे येतात. सिक्युरिटीज करार नियमन कायदा, १९५६ खाली हा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैज म्हणून केलेला व्यवहार न्यायालयात वसूल होत नाही. एक्स्चेंज तक्रार घेत नाही, कारण सौदा तिच्याकडे नाहीच. मार्जिन वाचवली म्हणून आनंद मानणाऱ्याने खरे तर जामीनदारच घालवला.

आणि नोंदणीकृत ब्रोकरकडे असलात तरी गाफील राहू नका. क्लिअरिंग कॉर्पोरेशनची हमी तिच्या सदस्यापर्यंत आहे. मधला ब्रोकरच तुमचे पैसे खाऊन बसला तर ती थेट तुमच्या घरी येत नाही, तिथे गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे, त्याला मर्यादा आहे, आणि ठरावीक परताव्याच्या वचनावर दिलेली रक्कम त्यात बसत नाही. २०१९ मध्ये एका मोठ्या ब्रोकरने गिऱ्हाइकांचे शेअर गहाण टाकल्यानंतर नियम कडक झाले. १ सप्टेंबर २०२० पासून तारण शेअर तुमच्याच डीमॅट खात्यात राहतात आणि गहाणाला तुमची ओटीपी लागते. ती ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका, आपल्या कार्यालयातल्या मुलालाही नाही.

तुमची मार्जिन खरोखर पुढे पोचली का, हे तपासता येते, आणि हे फार कमी लोक करतात. क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकाला स्वतःच्या नावावर ब्रोकरने किती तारण दाखवले ते पाहता येते. पॅन आणि मोबाइलने नोंदणी करा, ब्रोकरच्या खातेवहीतला त्याच दिवसाचा आकडा शेजारी ठेवा. फरक दिसला तर त्याच दिवशी लेखी विचारा. सौद्याची चिठ्ठी २४ तासांत यायला हवी, त्यावर एक्स्चेंजचा सौदा क्रमांक हवा, आणि तो क्रमांक एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर जुळायला हवा. एक्स्चेंजचा एसएमएस येत नसेल तर तुमचा मोबाइल नंबर चुकीचा नोंदला आहे, किंवा मुद्दाम दुसराच नोंदला आहे. खात्यात पडून राहिलेले पैसे तुमच्या निवडीप्रमाणे महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा बँकेत परत यायलाच हवेत. ते येत नसतील तर "फिरते राहू द्या" या उत्तरावर थांबू नका.

आपल्या दैनिकाला एक विनंती. सोन्या-चांदीच्या आणि कापसाच्या भावाच्या चौकटीत रोज एक ओळ वाढवावी: त्या वायद्यावर आज लागू असलेली एकूण मार्जिन टक्क्यांत, आणि ती कालच्यापेक्षा वाढली की घटली. आकडे एक्स्चेंज आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशन रोज जाहीर करतात. पहाटे पेपर हातात पडला की चोपड्याच्या जिनिंगवाल्याला आणि जळगावच्या सराफाला बाजार उघडण्याआधी किती रोकड लागेल ते कळेल, बँकेत जायला वेळ मिळेल.

आपले,
क्लिअरिंग व वलणाच्या कामातील काही वाचक,
जळगाव